लघुपटासोबतचा अहवाल ही कामाची नोंद असावी: माध्यम विभागांच्या प्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या महाविद्यालयांमधले आणि विद्यापीठांमधले जनसंवाद, वृत्तपत्रविद्या व माध्यम विभागांचे प्रमुख,
तसेच विद्यार्थ्यांच्या लघुपटांचे परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

वर्ष संपत आलं की लघुपट जमा होतात. पेनड्राइव्हसोबत स्पायरल केलेला एक अहवालही येतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, कथासार, पात्रपरिचय, चित्रीकरणाचे आठ-दहा फोटो आणि शेवटच्या पानावर ‘या प्रकल्पातून आम्हाला एकत्र काम करण्याचं महत्त्व समजलं’ हे वाक्य. फिल्म प्रत्यक्षात कशी घडली हे त्यातून कळत नाही. कुठला संवाद डब करावा लागला आणि का, दुसऱ्या दिवशीचे तीन सीन का गळले, शेवट कोणत्या टप्प्यावर बदलला, यातलं काहीच त्यात नसतं.

आम्ही ध्वनिमुद्रण, छायांकन आणि संकलन करणारी माणसं आहोत. आमची मागणी एकच आहे. हा अहवाल कामाची नोंद व्हावा आणि त्याला फिल्मच्या बरोबरीने गुण मिळावेत.

अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या वाट्याला एखादा, फार तर दोन लघुपट येतात. पहिली फिल्म बिघडणारच, त्यात गैर काही नाही. ती नेमकी कशाने बिघडली हे त्याला कळलं तर दुसरी सुधारते. पण चित्रीकरणानंतर पंधरा दिवस गेले की कारणं विसरली जातात आणि तीन ठरलेली वाक्यं उरतात: आवाज नीट आला नाही, वेळ कमी पडला, बजेट नव्हतं. या तिन्ही वाक्यांत परिणाम आहे, कारण नाही. कारण लिहायला कसं लावायचं, हाच या पत्राचा विषय आहे.

सुरुवात आवाजापासून करतो, कारण विद्यार्थ्यांच्या फिल्म सगळ्यात जास्त तिथेच पडतात. किंचित आउट ऑफ फोकस शॉट प्रेक्षक खपवून घेतो. शब्द कळला नाही की तो फिल्ममधून उठतो.

‘आवाज नीट आला नाही’ या एका वाक्याखाली निदान पाच वेगवेगळे दोष दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिला दोष अंतराचा. माइक कॅमेऱ्यावर बसवलेला आणि कॅमेरा नटापासून आठ फुटांवर. माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खाली फरशी आणि चारी बाजूंनी उघड्या भिंती, त्यामुळे आठ फुटांवरून संवाद बाथरूममध्ये बोलल्यासारखा येतो. बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, नटाच्या डोक्यापासून दीड-दोन फुटांवर हवा. घुमारा तरीही राहिला तर गाद्या आणि जाड चादरी आणून कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीशी उभ्या कराव्यात.

दुसरा दोष कॉलरमाइकचा. तो हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावायचा असतो. खळ घातलेली साडी किंवा सिंथेटिक ओढणी त्याच्यावर घासते, मंगळसूत्र आपटतं आणि हेडफोन न लावता काम केलं तर हे संकलनाच्या टेबलावर कळतं. मेडिकलच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावून माइक कपड्याला पक्का केला आणि वायरचा एक छोटा वेटोळा त्याच्याखाली चिकटवला, तर बरीचशी घासाघीस थांबते. मंगळसूत्र ब्लाउजला आतून टाचून ठेवायचं.

तिसरा दोष ऑटो लेव्हलचा. नट थांबला की यंत्र आपोआप आवाज उचलतं आणि दोन वाक्यांच्या मधे पंख्याची घरघर वर येते. पुढचं वाक्य सुरू झालं की ती पुन्हा दबते. ही वरखाली नंतर सरळ करता येत नाही. लेव्हल हातानेच लावायची: यंत्राची कमाल मर्यादा शून्य धरून संवाद उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास, ओरडण्याचा क्षणसुद्धा उणे ६ च्या वर नाही. चौथा दोष घरातल्या यंत्रांचा, म्हणजे फ्रिज, पंखा, सोसायटीचा पाण्याचा पंप. फ्रिज बंद करताना कुणाच्या तरी गाडीची किल्ली आत ठेवावी. म्हणजे पॅकअपनंतर तो पुन्हा सुरू करायला कुणी विसरत नाही आणि घरमालकाचं दूध नासत नाही. पंख्याला असा उपाय नाही, तो बंदच करावा लागतो. म्हणून दर तीन-चार टेकनंतर (टेक म्हणजे एकाच शॉटचा एकेक प्रयत्न) पाच मिनिटं पंखा लावायची सुट्टी वेळापत्रकातच धरावी, नाहीतर नटाच्या कपाळावरचा घाम शॉटगणिक बदलतो.

पाचवा दोष सगळ्यात स्वस्तात टळणारा आहे, तरी तोच सगळ्यांकडून राहतो. तो म्हणजे खोलीचा अँबियन्स. सीन संपला की सगळी माणसं जिथे होती तिथेच उभी, दिवे तसेच चालू, आणि पूर्ण एक मिनिट कुणी हलायचं नाही. ती शांतता मुद्रित करायची. संकलनात दोन टेक जोडले की मधे आवाजाचं भोक पडतं, ते बुजवायला हीच शांतता लागते. दुसऱ्या खोलीची चालत नाही. पॅकअपची घाई झाली की पहिली काट या मिनिटाला बसते.

हे पाच दोष अहवालात वेगवेगळे दिसायला हवेत. सीन ४, शॉट २, टेक ३, १२व्या सेकंदापासून पंप सुरू, टेक ४ स्वच्छ, अशी नोंद त्याच वेळी, त्याच जागी, कागदावर झाली असेल तरच ते शक्य आहे. म्हणून ही नोंद, म्हणजे साउंड शीट, भरणारा माणूस वेगळा हवा. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या लघुपटाला मिळालं. त्या संस्थेत दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि ध्वनी अशा स्वतंत्र शाखा आहेत आणि एका फिल्मवर चारही शाखांचे विद्यार्थी काम करतात. आपल्या विभागात शाखा नसतील, पण गटातल्या एकाच्या नावापुढे ‘ध्वनी’ लिहून त्याचे गुण त्याच्या शीटवर ठरवायला खर्च येत नाही.

साहित्य नाही, ही सबब लहान गावांतल्या विभागांकडून ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण वाटतं तेवढं नाही. काही शे रुपयांचा वायरचा कॉलरमाइक, त्याला जोडलेला दुसरा फोन, तो फोन एअरप्लेन मोडवर नटाच्या खिशात. एवढ्यावर स्वच्छ संवाद मिळतो. एअरप्लेन मोड विसरला तर नेटवर्कची टर्र-टर्र आणि भर टेकमध्ये आलेला फोन दोन्ही मुद्रित होतात. फोनवर चित्रीकरण करणाऱ्या गटांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. बरेच फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला टिपायच्या चित्रांची संख्या, स्थिर ठेवत नाहीत. वेगळा मुद्रित केलेला आवाज टेकच्या सुरुवातीला वाजवलेल्या टाळीवर जुळवला तरी लांब टेकमध्ये तो ओठांपासून सुटत जातो. संकलनाआधी सगळ्या फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घेतल्या की हा घोळ मिटतो. आणि टाळी फ्रेममध्ये दिसली पाहिजे. नुसती ऐकू आलेली टाळी दर वेळी आवाज जुळवायला पुरत नाही.

दुसरं नेहमीचं वाक्य: वेळ कमी पडला. इथे साधं गणित मांडायला लावावं. सकाळी सातला हजर राहण्याचा कॉल असला तरी पहिला शॉट नऊच्या आधी लागत नाही. फेब्रुवारीअखेर पुण्या-मुंबईकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. जेवणाचा एक तास, चहा, बॅटऱ्या आणि कार्ड बदलण्यात अर्धा तास. उरले आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. नवख्या गटाला कॅमेरा हलवून, दिवा बदलून, तालीम करून चार-पाच टेक घ्यायला एका सेटअपला, म्हणजे एका शॉटच्या मांडणीला, सरासरी ३५ मिनिटं लागतात. दिवसाला तेरा, फार तर चौदा सेटअप होतात. दहा मिनिटांच्या पटकथेची शॉटलिस्ट ६० ची असेल आणि चित्रीकरण दोन दिवसांचं ठरवलं असेल, तर ते ठरवलं त्याच दिवशी चुकलेलं आहे. हे पटकथेच्या टप्प्यावर मार्गदर्शकाला दिसायला हवं, कारण तेव्हा शॉट कमी करणं फुकट असतं. संध्याकाळी सहा वाजता भांडणाच्या सीनचे चार शॉट गाळावे लागतात तेव्हा जे गळतं ते बहुधा ऐकणाऱ्याचे क्लोजअप असतात, आणि संकलनात सगळ्यात जास्त गरज त्यांचीच पडते.

संध्याकाळचा उजेड हवा असलेले सीन वेगळे काढून ठेवावेत. आपल्या अक्षांशावर सूर्य तिरका न जाता जवळपास सरळ खाली उतरतो. मावळल्यानंतर कामाचा उजेड मिळतो तो वीसेक मिनिटं. त्यात दोन सेटअपही कसेबसे बसतात.

पटकथेच्या लांबीबद्दलही एक गैरसमज आहे. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टंकावर आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत टंक बदलला, ओळीतलं अंतर बदललं की तो कोसळतो. मराठी पटकथा मोठ्याने वाचून, हालचालींसाठी थांबून, स्टॉपवॉच लावून मोजावी आणि तो आकडा प्रत्येक सीनपुढे लिहावा. अहवालात शेजारी संकलित सीनची लांबी यावी. या दोन रकान्यांतला फरक विद्यार्थ्याला पटकथालेखनाच्या व्याख्यानाइतकंच शिकवतो.

कंटिन्युटीचं, म्हणजे एका शॉटमधली गोष्ट पुढच्या शॉटमध्ये तशीच दिसण्याचं, एकच उदाहरण देतो, कारण मराठी लघुपटात ते हमखास असतं: चहा. दोघंजण टेबलाशी बसून बोलतात, समोर काचेचे ग्लास. सगळा सीन सलग टिपणाऱ्या मास्टर शॉटमध्ये ग्लास भरलेला आणि वाफ येतेय. चाळीस मिनिटांनी क्लोजअप लागतो तेव्हा चहा निम्म्यावर आलेला, वाफ गेलेली आणि वर तपकिरी साय धरलेली. संकलक मास्टरमधून क्लोजअपवर जातो आणि ग्लास एका क्षणात निवतो. त्याला कट टाळावा लागतो, म्हणून सगळा संवाद मास्टरमध्येच चालतो आणि सीन नाटकासारखा दिसतो. उपाय असा की चहा थर्मासमध्ये ठेवावा. ग्लासाच्या कॅमेऱ्याकडून न दिसणाऱ्या बाजूला पेनाने खूण करून प्रत्येक टेकआधी त्या खुणेपर्यंत ओतावा. साय काढायला चमचा जवळ असावा. वाफ दिसायला मागून उजेड आणि पाठीमागे काळोखी पार्श्वभूमी लागते, ती नसेल तर वाफेच्या मागे लागू नये. मुख्य म्हणजे नटाने ग्लास कुठल्या शब्दावर, कुठल्या हाताने उचलायचा आणि कुठल्या शब्दावर ठेवायचा हे तालमीतच ठरवून कंटिन्युटी शीटवर लिहावं. दर टेकला ग्लास त्याच शब्दावर उचलला गेला की त्या हालचालीवर कट घेता येतो आणि तो कट डोळ्याला जाणवतही नाही. घोट शक्यतो सीनमध्ये एकदाच घ्यावा, नाहीतर पंधराव्या टेकला नटाची अवस्था बिकट होते.

दिव्यांचं थोडक्यात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोन आपणहून सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर धरतो आणि ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकू लागतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ते जातात. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कसा दिसावा हे ठरवणारी कॅमेऱ्याची मांडणी) ऑटोवर ठेवू नये, नाहीतर एकाच संवादात भिंत पिवळी आणि निळी होत राहते. भाड्याने आणलेला हजार वॅटचा हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर वीज घेतो आणि घरातला लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. एका एक्स्टेंशन बोर्डवर असे दोन दिवे लावणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मर्जीवर सोडू नये, विभागाने लेखी नियम करावा.

फाइलींचाही नियम हवा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या नोंदीने तासाभराचं चित्रीकरण ४५ जीबी होतं. त्याच दिवशी दोन वेगळ्या हार्डडिस्कवर प्रत, दोन्ही प्रतींमधल्या फाइल उघडून पाहणं आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करणं. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत घरी जाऊ नयेत.

आता संकलन, जिथे खरा अहवाल लिहिला जातो. पहिला कट जवळजवळ नेहमीच लांब असतो. अकरा-बारा मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिली दोन मिनिटं गजर, दात घासणं, जिना उतरणं आणि गाडीला किक यांत जातात. ती काढायला गट तयार नसतो, कारण तो जिना मिळवायला वॉचमनची मनधरणी केलेली असते. जे मिळवायला कष्ट पडले ते ठेवावंसं वाटणं स्वाभाविक आहे, पण प्रेक्षकाला ते कष्ट दिसत नाहीत. म्हणून पहिला कट फिल्मशी संबंध नसलेल्या पाच जणांना दाखवावा. ‘कशी वाटली?’ असं विचारू नये, सगळे छानच म्हणतात. विचारावं ते असं: ही दोघं एकमेकांची कोण? तिने पत्र का फाडलं? तुमचं लक्ष कुठे उडालं? पाचांपैकी तिघांनी एकच नातं चुकीचं ओळखलं, तर दोष प्रेक्षकाचा नाही. प्रत्येक कट तारखेनिशी वेगळा जपावा आणि अहवालात लिहावं: दुसऱ्या कटमध्ये सीन १ पूर्ण काढला, तिसऱ्यात त्यातले आठ सेकंद परत घेतले, कारण आईचं आजारपण आधी कळणं गरजेचं ठरलं.

पार्श्वसंगीताच्या जागी लावलेलं तयार गाणं हा आणखी एक विषय. संताच्या अभंगाचे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे असले तरी आजच्या संगीतकाराने दिलेली चाल आणि गायकाचं ध्वनिमुद्रण यांवर स्वतंत्र हक्क असतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. वर्गात दाखवलेली फिल्म महोत्सवाला पाठवताना तिथेच अडते. परवानगीचा कागद अहवालाला जोडलेला नसेल तर ते संगीत काढायला लावावं.

आणि सगळे आवाज एकत्र करून मिक्स झाल्यावर फिल्म एकदा तरी विभागाच्या सभागृहात ऐकावी. तिथले दोन मोठे स्पीकर बहुतेक ठिकाणी मोनो, म्हणजे दोन्हींतून एकच आवाज येईल असे, जोडलेले असतात. हेडफोनवर डावी-उजवीकडे पसरलेला आवाज तिथे एकमेकाला खातो. संवाद मधोमध ठेवले की ही भीती राहत नाही.

आता विभागांकडून काय हवं ते सांगतो. लघुपटाचे गुण निम्मे फिल्मला आणि निम्मे अहवालाला द्यावेत. अहवाल आठ पानांचा, फोटो नाहीत, ऋणनिर्देश फिल्मच्या शेवटच्या पाट्यांमध्ये. त्याला साउंड शीट, कंटिन्युटी शीट आणि रोजचा ठरलेले शॉट व झालेले शॉट असा कागद जोडलेला. हे कागद चित्रीकरणाच्या दिवशीच्या अक्षरातले हवेत, चहाचे डाग पडलेले चालतील, नंतर टाइप केलेले नकोत. पहिला कट अंतिम तारखेच्या चार आठवडे आधी मार्गदर्शकाने पाहावा. तोंडी परीक्षा संकलनाच्या टाइमलाइनसमोर घ्यावी: सीन ४ उघडा, टेक ३ का वगळला, ऐकवा. एका गटाला वीस मिनिटं दिली तर बारा गट चार तासांत होतात. वर्गात साठ मुलं आहेत आणि शिक्षक एकच, ही अडचण आम्हाला माहीत आहे. म्हणूनच पानांची मर्यादा सुचवली आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गुणांच्या रीतीबद्दल आहे. आज विद्यार्थी चूक लपवतो, कारण कबूल केली की गुण जातात. जो गट लिहील की आम्ही अँबियन्स घेतला नाही, त्यामुळे सीन ४ मध्ये सहा ठिकाणी भोकं पडली, शेवटी बाल्कनीतला आवाज खाली टाकून ती झाकली आणि तो खोटा वाटतो, त्याला त्या परिच्छेदाचे पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. दोषाचे गुण फिल्ममध्ये गेलेलेच आहेत, अहवालात ते दुसऱ्यांदा कापू नयेत. हे लेखी जाहीर केल्याशिवाय खरं कुणी लिहिणार नाही.

अहवाल आणि रशेस, म्हणजे न जोडलेलं मूळ चित्रीकरण, वर्षभर विभागात ठेवावेत आणि जूनमध्ये येणाऱ्या तुकडीच्या हाती द्यावेत. पहिल्याच आठवड्यात तीन जुने अहवाल आणि त्यांचे रशेस घेऊन बसवा. नव्या गटाने एक सीन जुन्या रशेसमधून स्वतः जोडून पाहावा. ऐकणाऱ्याचा क्लोजअप नसला की काय होतं, हे कॅमेरा हातात येण्याआधीच त्यांना कळेल.

नमुना म्हणून अहवालातला एक परिच्छेद कसा असावा ते इथे लिहून पत्र थांबवतो.

‘सीन ७, स्वयंपाकघर. ठरलेले शॉट ९, झालेले ६. फ्रिज बंद केला होता, पण शेजारच्या घरात मिक्सर लागला, ११.१० ते ११.३५ थांबलो. जागेची पाहणी (रेकी) रविवारी दुपारी केली होती आणि चित्रीकरण मंगळवारी सकाळी, म्हणून स्वयंपाकाच्या वेळेचा आवाज आधी कळला नाही. राहिलेले तीन शॉट मुलीच्या प्रतिक्रियेचे. संकलनात तिचा सीन ५ मधला खाली पाहणारा क्लोजअप वापरला. भिंतीचा रंग वेगळा दिसतो, तो दुरुस्त झाला नाही. पुढच्या वेळी रेकी चित्रीकरणाच्याच वारी, त्याच वेळी आणि डोळे मिटून दहा मिनिटं.’

आपले,
ध्वनिमुद्रण, छायांकन आणि संकलनाचं काम करणारे काहीजण